शर्यत सकाळची, नमन रात्रीचं



निकाल लागला, दप्तरं खुंटीला टांगली गेली आणि मे महिना सुरू झाला. आमच्या पूर्णगडात सध्या कुणाला बोलायलाही सवड नाही. आंबे उतरवायचे, पेट्या भरायच्या, करवंदं काढायला सड्यावर जायचं, मुंबईहून आलेल्या भावंडांना खाडीवर न्यायचं... कामं काय थोडी आहेत? याच दिवसांत कोकणातल्या वाड्यावाड्यांमध्ये पूजा असतात. दिवसा मुलांच्या शर्यती आणि रात्री देवळापुढच्या मोकळ्या जागेत नमन. घाटावरच्या गावांत जत्रा भरतात. तिथे दिवसा कुस्त्या आणि शर्यती, रात्री तमाशा नाही तर भजन. दिवसा अंग मोडून धावायचं आणि रात्री चांदण्यात बसून गाणंबजावणं ऐकायचं, हा आपल्याकडचा उन्हाळ्याचा जुनाच बेत आहे.

अशा शर्यतीत उतरणाऱ्या मुलांचा एक प्रश्न मला दरवर्षी ऐकू येतो. "बाई, पळताना गरगरायला लागलं तर काय करायचं? थांबलं तर सगळे हसतात!"

प्रश्न एवढासा आहे, पण त्याचं उत्तर शोधायला आपल्याला बरंच फिरावं लागणार आहे. आधी पुण्याला जाऊ, तिथून बोटीने युरोपात जाऊ आणि मग परत आपल्या गावात येऊ. चला तर!

पुण्याची अनवाणी शर्यत

पुण्यात १९०६ साली डेक्कन जिमखाना ही संस्था सुरू झाली. जमशेदजी टाटांचे थोरले चिरंजीव दोराबजी टाटा तिचे अध्यक्ष होते. दोराबजी लहानपणी इंग्लंडमध्ये शिकले होते, त्यामुळे तिकडचे मैदानी खेळ त्यांना चांगले माहीत होते. १९१९ साली जिमखान्याच्या स्पर्धा त्यांनी पाहिल्या. मैदान लहान आणि खडबडीत होतं. इतकं लहान, की शंभर यार्डांची शर्यतसुद्धा सरळ रेषेत न पळता वळणावरून पळायची असं ठरत होतं!

पण लोकांची आवडती शर्यत वेगळीच होती. ती होती सुमारे पंचवीस मैलांची, म्हणजे जवळजवळ ४० किलोमीटरची लांब शर्यत. धावणारे बहुतेक शेतकऱ्यांचे मुलगे होते. शेतात राबणारे आणि घरचं साधं जेवण जेवणारे. कुणी त्यांना धावण्याचं शिक्षण दिलेलं नव्हतं. पायात बूट नव्हते. खडीच्या नाही तर मातीच्या रस्त्यावरून ती मुलं अनवाणी पळाली. तरीही पहिल्या तिघाचौघांनी घेतलेला वेळ पाहून दोराबजी चकित झाले. मुंबईचे गव्हर्नरसुद्धा म्हणाले, की युरोपातल्या धावपटूंच्या वेळेशी याची तुलना करता येईल.

मग काय, दोराबजींनी मनावर घेतलं! धावपळ करून, स्वतःचे पैसे घालून त्यांनी १९२० सालच्या ऑलिंपिकसाठी संघ उभा केला. संघ केवढा? चार धावपटू आणि दोन मल्ल, एवढाच. हे सहा जण बेल्जियम देशातल्या अँटवर्प शहरी गेले.

२२ ऑगस्ट १९२० रोजी तिथे मॅरेथॉन झाली. अंतर होतं ४२ किलोमीटर ७५० मीटर. आपल्याकडून दोघे धावले, बेळगावचे फडेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार. ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये भारताकडून धावलेले हे पहिलेच दोघे. चौगुल्यांनी २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत शर्यत पुरी केली आणि त्यांचा १९ वा क्रमांक आला. दातारांना मात्र शर्यत पुरी करता आली नाही.

आता मला सांगा, दातारांना तुम्ही हसाल का? मला तर त्यांचं नाव चौगुल्यांच्या शेजारीच लिहावंसं वाटतं.

त्याच शर्यतीत चौगुल्यांच्या फक्त दोन मिनिटं आधी एक जपानी गृहस्थ पोहोचले होते. त्यांचा क्रमांक १६ वा होता आणि नाव होतं शिझो कानाकुरी. तुमच्या प्रश्नाचं उत्तर या कानाकुरींकडे आहे. त्यासाठी आपल्याला आठ वर्षं मागे जायला हवं.

स्टॉकहोमची ती दुपार

१९१२ सालचं ऑलिंपिक स्वीडन देशाची राजधानी स्टॉकहोम इथे भरलं होतं. जपानने पहिल्यांदाच खेळाडू पाठवले होते, तेही दोनच. त्यातले एक कानाकुरी. आगगाडीने सारा सायबेरिया ओलांडून ते कित्येक दिवसांनी स्वीडनला पोहोचले.

१४ जुलैला मॅरेथॉन होती. रस्ता शहराबाहेरचा, शेतांमधून आणि झाडीतून जाणारा, धुळीचा. ४० किलोमीटरांहून थोडं जास्त अंतर. स्वीडन म्हणजे थंड देश, असं आपण भूगोलात शिकतो. पण त्या दिवशी सावलीतसुद्धा पारा ३२ अंश सेल्सिअसच्या आसपास होता. आणि शर्यत कधी सुरू केली ठाऊक आहे? दुपारी पावणेदोनच्या सुमाराला! भर उन्हात ६८ जण पळत सुटले. त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांनी शर्यत मध्येच सोडली.

या ६८ जणांतल्या दोघांची गोष्ट मी तुम्हाला सांगणार आहे.

पहिला फ्रान्सिस्को लाझारो. हा पोर्तुगाल देशातला एक सुतार. आपल्या देशात त्याने मॅरेथॉन जिंकली होती. ऊन लागू नये म्हणून त्याने अंगाला मेणासारखा चिकट लेप फासला होता, असं सांगतात. त्यामुळे घामाची वाटच बंद झाली. तो धावत राहिला, धावत राहिला आणि सुमारे तीस किलोमीटरांवर कोसळला. दुसऱ्या दिवशी तो मरण पावला. आधुनिक ऑलिंपिकमध्ये स्पर्धेमुळे प्राण गमावलेला तो पहिला खेळाडू.

दुसरे आपले कानाकुरी. उन्हाने त्यांचाही जीव कासावीस झाला. अर्ध्याहून जास्त रस्ता संपला होता. वाटेत एका कुटुंबाच्या बागेत माणसं बसलेली दिसली. कानाकुरी तिकडे वळले. त्या लोकांनी त्यांना सरबत दिलं, खायला दिलं. ते विसावले आणि पुन्हा शर्यतीत गेलेच नाहीत. त्यांना फार लाज वाटली. आपल्या देशाने एवढ्या आशेने पाठवलं आणि आपण मध्येच थांबलो! कुणा अधिकाऱ्याला न सांगताच ते निघून गेले. स्वीडनमध्ये मग बरीच वर्षं "तो हरवलेला जपानी धावपटू" अशी त्यांची गोष्ट लोक सांगत राहिले.

पण हरवतायत कसले! ते जपानमध्ये जोरात धावत होते आणि मुलांना धावायला शिकवत होते. १९२० साली त्यांच्या पुढाकाराने तोक्यो ते हाकोने डोंगर आणि परत अशी महाविद्यालयीन मुलांची साखळी शर्यत सुरू झाली. त्या शर्यतीत हातात दांडी नसते. एकाने पळून झाल्यावर अंगावरचा पट्टा काढून दुसऱ्याला द्यायचा. दर नववर्षाला ती शर्यत आजही होते. जपानमध्ये कानाकुरींना मॅरेथॉनचे जनक म्हणतात.

पुढची गंमत ऐका. १९६७ साली स्वीडनच्या लोकांनी त्यांना पुन्हा बोलावलं. म्हणाले, तुमची शर्यत राहिलीय, ती पुरी करा! कानाकुरी तेव्हा पंच्याहत्तर वर्षांचे होते. ते आले, त्याच स्टेडियममध्ये हळूहळू पळाले आणि त्यांनी फीत तोडली. वेळ जाहीर झाली, ५४ वर्षं, ८ महिने, ६ दिवस, ५ तास, ३२ मिनिटं आणि २० सेकंद! मधल्या काळात त्यांचं लग्न झालं होतं, मुलं झाली होती, नातवंडंही झाली होती. ते ९२ वर्षं जगले.

शर्यत एकच होती, ऊन एकच होतं. अंगाने "थांब" म्हटल्यावर एक जण थांबला, म्हणून तर आठ वर्षांनी तो अँटवर्पला आपल्या चौगुल्यांबरोबर धावू शकला.

घाम नुसता येऊन भागत नाही

आता थोडं विज्ञान. आपण पळतो तेव्हा स्नायू काम करतात. पण अन्नातून मिळालेल्या शक्तीपैकी जेमतेम पाव हिस्सा पळण्याच्या कामी येतो, बाकीच्याची उष्णता होते. म्हणून थंडीतही पळालं की अंग तापतं. ही उष्णता बाहेर टाकायचं मुख्य साधन म्हणजे घाम. घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो आणि आपल्याला गार वाटतं.

लक्षात घ्या, घाम वाळला तर गार वाटतं. नुसता ओघळून गेला तर उपयोग नाही. पावसाळ्यात दांडीवरचे कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत ना? कारण हवेतच पाणी भरलेलं असतं. कोकणातल्या मे महिन्याचं तसंच आहे. रत्नागिरीकडे दुपारी पारा ३२-३३ अंशांच्या घरात असतो, म्हणजे स्टॉकहोमच्या त्या दुपारएवढाच! शिवाय समुद्राची दमट हवा. विदर्भात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा कोकणातले लोक म्हणतात, "आमच्याकडे काही एवढं ऊन नाही." पण अंगाला चिकटलेला सदरा खरं काय ते सांगतो.

मोठमोठ्या स्पर्धांनाही हा धडा घ्यावा लागला. २०१९ साली कतार देशातल्या दोहा शहरी जागतिक स्पर्धेतली स्त्रियांची मॅरेथॉन होती. उन्हाच्या भीतीने ती मध्यरात्री सुरू केली. तरी रात्रीचा पारा ३२ अंशांच्या वर आणि हवा अतिशय दमट. ६८ धावपटूंपैकी २८ जणींनी शर्यत मध्येच सोडली. त्या सगळ्या जगातल्या नावाजलेल्या धावपटू होत्या, बरं का! नंतर तोक्यो ऑलिंपिकची मॅरेथॉन थंड हवेच्या साप्पोरो शहरात नेली आणि ऑगस्ट २०२१ मध्ये तिथेही स्त्रियांची शर्यत तासभर आधी, सकाळी सहाला सुरू केली.

आपली शर्यत कशी आखायची?

समजा, आपल्याला पूर्णगडात शर्यत घ्यायची आहे. मुचकुंदी नदी जिथे समुद्राला मिळते, तिथे टेकडीवर आमचा छोटासा किल्ला आहे. दाराशी मारुतीचं देऊळ. तटावर उभं राहिलं की एका बाजूला समुद्र आणि दुसरीकडे खाडी दिसते. खाडीपासून पाखाडी चढून किल्ल्यापर्यंत जायचं आणि सड्यावरून फिरून परत यायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण पाखाडीच्या पायऱ्या चढताना भल्याभल्यांचा दम निघतो, आणि जांभ्याचा सडा दुपारी तव्यासारखा तापतो.

म्हणून आधी वेळ ठरवू. सकाळी साडेसहाला सुरुवात आणि आठच्या आत शेवट. लहान गटाला दीड-दोन किलोमीटर पुरे. पाखाडी उतरताना पळायचं नाही, चालायचं. वाळलेल्या पानांवरून पाय सटकतो. पुण्याच्या त्या मुलांना अनवाणी पळायची सवय होती. तुम्हाला नसेल तर जांभा पाय सोलून काढील, तेव्हा पायात बूट हवेतच.

अनोशापोटी पळू नका आणि भरल्या पोटीही पळू नका. तासभर आधी वाटीभर पेज घ्या. वाटेत दोन ठिकाणी पाणी ठेवा, घोट घोट प्या. संपल्यावर मीठ-साखर घातलेलं लिंबाचं पाणी, नाही तर आपलं आमसुलाचं सरबत. त्याहून चांगलं काही विकत मिळत नाही!

पळताना स्वतःची परीक्षा घ्यायची एक सोपी युक्ती सांगते. शेजारच्याशी एक पूर्ण वाक्य सलग बोलून पाहा. बोलता आलं तर वेग बरोबर आहे. "मी... आता... किल्ल्या..." असं व्हायला लागलं की वेग कमी करा. आणि गरगरलं, मळमळलं, डोकं ठणकलं किंवा उन्हात असून अंगावर काटा येऊन थंडी वाजली, तर सरळ थांबा. सावलीत बसा आणि कुणाला तरी सांगा. हे सांगणं फार महत्त्वाचं. कानाकुरी थांबले ते बरोबर केलं, पण न सांगता निघून गेले. तुम्ही मात्र सांगून थांबायचं!

आणखी एक करू. सगळ्यांच्या मागून एक मोठा माणूस पाण्याची कळशी घेऊन चालेल. त्याच्या मागे एकही मूल राहता कामा नये. जो थांबेल, त्याला तो हाताला धरून सावलीत नेईल.

आणि रात्री नमन

दिवसभर आराम झाला, आता रात्र. कोकणाबाहेरच्या मित्रांसाठी सांगते, नमन हा आमच्याकडचा उघड्यावरचा खेळ. मृदंग आणि झांजा वाजू लागतात. सुरुवातीला देवांना वंदन. गावाचा देव, ठिकठिकाणचे देव, एकेकाचं नाव घेऊन नमन करायचं. मग गण, गवळण. काळ्या कपड्यांतला उंच टोपीचा संकासूर आला की लहान मुलं आईच्या पदराआड लपतात आणि मग हळूच डोकावून पाहतात. शेवटी वग.

यंदा नमन बघायला बसलात की मृदंगाकडे लक्ष द्या. मृदंगवाला पहिल्या थापेपासूनच सगळा जोर लावत नाही. आधी संथ, मग मध्यम आणि योग्य वेळी अशी काही लय वाढवतो की बसलेल्यांचे पाय हलायला लागतात! सगळा जोर आधीच लावला असता तर रात्र कशी निभावली असती? शर्यतीतही पहिल्याच पाखाडीला सुसाट सुटणारी मुलं सड्यावर बसलेली सापडतात.

देवांची नावं घेताना कुणी राहून जाऊ नये म्हणून नमनात किती काळजी घेतात! आपणही तशीच काळजी घेऊ या. रात्री बक्षिसं वाटताना पहिल्या तिघांना पुढे बोलवूच. पण शेवटी आलेल्याचं आणि मध्ये थांबलेल्याचंही नाव पुकारू. त्यांच्या नावाला मृदंगावर एक थाप पडू दे. ज्याच्या नावाला गावाने टाळी दिली, त्याला दुसऱ्या दिवशी हसणार कोण?

पालकांसाठी चार ओळी

पालकहो, शर्यतीच्या कडेला उभे राहून आपण मोठ्याने ओरडतो, "थांबू नकोस, पळ!" मूल आपला आवाज ओळखतं आणि अंगातला आवाज दाबून टाकतं. लहान मुलांना मोठ्यांपेक्षा घाम कमी येतो, त्यामुळे त्यांचं अंग लवकर तापतं. मूल झोकांड्या द्यायला लागलं, भलतंच काही बोलू लागलं किंवा कोसळलं, तर तो उष्माघात असू शकतो. लगेच सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर गार पाणी ओता, ओल्या कपड्याने पुसा, वारा घाला आणि १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी ओतू नका. गाडी येईपर्यंत अंग गार करणं चालूच ठेवा, कारण त्या वेळी मिनिटामिनिटाला किंमत असते.

आणि मूल घरी आलं की "कितवा आलास?" हे दुसरं विचारा. पहिलं विचारा, "बरं वाटतंय ना?"

या आठवड्यात करून पाहा

दोन्ही हात पाण्याने ओले करा. एका हातावर प्लॅस्टिकची पिशवी सैलसर चढवा, दुसरा उघडा ठेवा. आता भावंडाला दोन्ही हातांवर पंख्याने वारा घालायला सांगा. कोणता हात गार पडतो? लाझारोच्या लेपाने काय झालं असेल, ते तुमचं तुम्हालाच कळेल. मग हाच प्रयोग एकदा भर दुपारी आणि एकदा पहाटे करा. काय फरक दिसला तो वहीत लिहा आणि मला पत्राने कळवा. तुमच्या गावच्या शर्यतीत सगळ्यांत शेवटी कोण आलं आणि त्याचं स्वागत कसं झालं, तेही लिहायला विसरू नका.

तुमची,
बाई